मुक्या फोनला पूर्ण गुण

ऑफिसात त्याला सगळे कानसेन म्हणत. त्याच्या घराण्यात कुणी कधी गायलं नव्हतं आणि ऐकलंही बेताचंच होतं. पण ऑफिसचे इंटरनेटवरून चालणारे फोन होते, त्यांवर आवाज नीट येतो की नाही हे बघायची नोकरी त्याच्याकडे होती, तेव्हा नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याला ते आवडत नसे. तसं पाहिलं तर त्याला फारसं काहीच आवडत नसे. हा माणूस नाक मुरडतच जन्माला आला होता. दुसऱ्याच्या कपातून चहा पिणं सोडाच, दुसरा बसून उठलेल्या खुर्चीची ऊब लागली तरी याच्या अंगावर काटा येई. बायको म्हणे, “तुम्हाला स्वर्गात नेऊन सोडलं ना, तरी आधी उशीचा वास घ्याल.”

“घेणारच. आधी तिथं कोण झोपून गेलंय कुणाला माहीत?”

आणि अशा माणसाच्या नशिबी ऑफिस आलं ते तसलं. लिफ्ट बसवणाऱ्या एका मोठ्या कंपनीच्या तक्रारी फोनवर घ्यायचं काम तिथं चाले. लांबलचक हॉल, खिडक्या कायमच्या बंद, आणि जमिनीला चिकटवलेला राखाडी गालिचा. त्या गालिच्यात सांडलेल्या चहाचे, ओल्या बुटांचे आणि माणसांच्या कंटाळ्याचे थर साचलेले. हेडफोन एका टोपलीत ठेवलेले असत. ज्याची पाळी त्यानं उचलून कानाला लावायचा. त्यांच्यावरचा स्पंज किती जणांच्या कानांनी काळा केला होता, कुणी सांगू शकलं नसतं. कानसेनानं स्वतःचा वेगळा हेडफोन ठेवला होता, पिशवीत गुंडाळून, खणाला कुलूप लावून. लोक हसत. हसोत.

काम मात्र तो डोळ्यांत तेल घालून करी. या फोनांवर माणसाचा आवाज बारीक तुकडे होऊन जातो आणि पलीकडे पोचल्यावर पुन्हा सांधला जातो. तुकडे वाटेत हरवले, मागेपुढे झाले, की आवाज चिरकतो, विहिरीतून आल्यासारखा येतो. भिंतीवर मोठा बोर्ड होता, तो हे तुकडे मोजून प्रत्येक फोनला पाचपैकी गुण देई. चांगला फोन हिरवा, बरा पिवळा, वाईट लाल. लाल दिसला की कानसेन उठे, वायर बघे, नेटवाल्याला फोन करून त्याचा उद्धार करी आणि लालाचा हिरवा करूनच खाली बसे.

हिरव्याचा खरा सोस मॅनेजरला. त्यांना पाठीमागे सगळे हिरवळसाहेब म्हणत. साहेब आले की आधी बोर्डाकडे बघत, मग माणसांकडे. बऱ्याचदा माणसांकडे बघायचं राहूनच जाई. पेनाच्या टोपणानं कान कोरत ते बोर्डासमोर उभे राहत, आणि कोरून झालं की टोपण बघून पुन्हा पेनाला लावत. कानसेन तेवढ्या वेळात छताकडे बघे.

या ऑफिसात कानसेनाच्या वहिनीही होत्या. थोरला भाऊ गेला त्याला काही वर्षं झाली होती. तेव्हापासून त्या याच्याच घरी, आतल्या खोलीत राहत. आल्या त्याच आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं होतं, “भाऊजी, तुमच्या घरात राहीन, पण तुमच्या जिवावर राहणार नाही. कुठंतरी चिकटवा मला.” यानं शब्द टाकला, त्या चिकटल्या. ऑफिसनंही त्यांना वहिनीच म्हणायला सुरुवात केली. हिरवळसाहेबसुद्धा म्हणत, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द ऐकला की कानसेनाला तो धुऊन घ्यावासा वाटे.

वहिनींकडे तातडीची लाईन होती. लिफ्टमध्ये माणूस अडकला, त्यानं आतलं बटण दाबलं, की फोन वाजायचा तो वहिनींच्या टेबलावर. मेकॅनिक पाठवायचा, आणि तो पोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायचं, एवढंच काम. ऐकायला सोपं. पण बंद डब्यात, अंधारात अडकलेल्या माणसाची पाचावर धारण बसलेली असते. त्याला धरून ठेवायला नुसता गोड आवाज पुरत नाही. वहिनींना ते जमे. एका बाईंना त्यांनी स्वेटरच्या विणीत असं गुंतवलं होतं, की लिफ्टचं दार उघडलं तरी बाई फोन सोडेनात. गळ्याचे टाके कसे घालायचे ते सांगूनच ठेवा म्हणाल्या.

मग हॉलची मांडणी बदलली. पाहुण्यांसाठी साहेबांना सोफा हवा होता, आणि सोफ्याला जागा हवी म्हणून तातडीची लाईन पार कोपऱ्यात गेली, पॅन्ट्रीच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे बेसिन होतं, ते कायम तुंबलेलं. कोपऱ्यात ओल्या फडक्याचा वास भरून राहिलेला. वहिनी म्हणाल्या, “माणसं लिफ्टमध्ये अडकतात आणि मी इथं अडकले.” म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

त्यानंतर काही दिवसांनी ती तक्रार आली.

एक म्हातारे गृहस्थ, पुस्तकं बांधण्यात जन्म गेलेले, एकटे राहणारे, आपल्याच इमारतीच्या लिफ्टमध्ये अडकले. वीज गेली होती. त्यांनी बटण दाबलं, पलीकडून फोन उचलला गेला आणि पुढं शब्द नाही. मेकॅनिक येऊन त्यांना बाहेर काढीपर्यंत हे बोलत राहिले आणि पलीकडे शांतता. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिफ्टच्या कंपनीला कळवलं, की फोन उचलून गप्प बसणारी माणसं ठेवायची असतील तर बटण तरी कशाला लावता? कंपनीनं ते हिरवळसाहेबांच्या गळ्यात घातलं आणि करार मोडण्याची भाषा केली.

साहेबांनी वहिनींना बोलावलं. वहिनी म्हणाल्या, “मी बोलत होते. घसा कोरडा पडेस्तोवर बोलत होते. त्यांना ऐकू येत नव्हतं.”

“लाईन खराब होती म्हणता?”

“तसंच असणार.”

साहेबांनी कानसेनाला हाक मारली. कानसेनानं तो फोन बोर्डावर काढला. हिरवा. नुसता हिरवा नव्हे, पाचपैकी चार पूर्णांक चार. याच्या वर बोर्ड कधी कुणाला गुण देतच नसे, त्याच्या लेखी हेच पूर्ण गुण. त्या दिवसाचा सगळ्यात उत्तम फोन.

“बोला आता,” साहेब म्हणाले.

मग रेकॉर्डिंग लावलं. त्यात म्हाताऱ्याचा आवाज स्वच्छ होता, अगदी श्वाससुद्धा. “हॅलो... बाई, आहात ना? काहीतरी बोला हो.” आणि पलीकडे काही नाही. एक अक्षर नाही. थोड्या वेळानं आवाज रडवेला झाला, मग तो आपल्याला आता धरवत नाही, घाण होणार, असं काहीतरी पुटपुटला आणि मग खरोखरच रडू लागला. साहेबांनी बिस्किट चहात बुडवलं आणि फिस्सकन हसले. शेजारचा सुपरवायझरही हसला. कानसेनाला मळमळलं. त्यानं दोघांकडे बघितलं आणि मनात म्हटलं, ही माणसं मेलेल्या जनावराजवळ बसूनही डबा खातील.

पण वहिनी बोललेल्या नव्हत्या, हे त्यालाही त्यात ऐकू आलं होतं. तेच त्याच्या डोक्यात बसलं.

वहिनींनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, “भाऊजी, फोन तपासा ना एकदा.” त्यानं तपासला. आपल्या टेबलावरून, आपल्या हेडफोनवरून त्यांच्या कोपऱ्यातल्या फोनवर फोन लावला. वहिनींचा आवाज खणखणीत आला. पुन्हा लावला, पुन्हा खणखणीत. बोर्डावर दोन्ही हिरवे.

“ठीक आहे हा,” तो म्हणाला.

“मग त्या दिवशी काय झालं?”

यावर त्यानं खांदे उडवले. साहेबांनी चौकशी होईपर्यंत वहिनींना घरी बसायला सांगितलं. चौकशी कसली, म्हाताऱ्याला बोलवायचं, कंपनीच्या माणसासमोर वहिनींनी त्याची माफी मागायची, चूक कबूल करायची आणि मग राजीनामा द्यायचा, असं सगळं ठरूनच गेलं होतं. हे कानसेनाला माहीत होतं. वहिनींनाही कळत होतं. या वयात, असा डाग घेऊन दुसरीकडे कोण ठेवून घेणार? दिराच्या जिवावर राहणार नाही म्हणणाऱ्या बाईला शेवटी दिराच्या ताटाखालचं मांजर व्हावं लागणार होतं.

त्या आठवड्यात घरातलं जेवण घशाखाली उतरत नव्हतं. टेबल तेच, माणसं तीच, पण भांड्यांचा आवाज मोठा येई. वहिनी रोज समोर बसून एवढंच म्हणत, “भाऊजी, मी बोलत होते.” एका संध्याकाळी बायको फट्‌दिशी म्हणाली, “वहिनी खोटं बोलतील असं वाटतं तुम्हाला?”

“मला काय वाटतं याचा प्रश्नच नाही. मशीनला नातीगोती नसतात. लाईन चांगली होती.”

“म्हणजे त्या गप्प बसल्या?”

“माणूस घाबरतो. त्याची वाचा बसते. कबूल केलं तर निदान...” तो वहिनींकडे न बघता म्हणाला, “वहिनी, खरं काय ते सांगून मोकळ्या व्हा. मी साहेबांशी बोलतो.”

वहिनींनी त्याच्याकडे बघितलं. मग उठल्या, आपलं ताट धुतलं आणि आतल्या खोलीत गेल्या.

चौकशीच्या दिवशी साहेबांनी सकाळीच फर्मान काढलं. पाहुणे येणार, कुणाला तातडीची लाईन बघावीशी वाटली तर नाचक्की नको, एकदा फोन लावून बघून ठेव. कानसेन आपल्या टेबलाशी गेला तर खण उघडा. आदल्या दिवशी साहेबांनी त्याच्याकडून खणाची किल्ली मागून घेतली होती, ती कशाला ते आत्ता कळलं. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकायला साहेबांना चांगला हेडफोन हवा होता. पिशवी जमिनीवर पडलेली. स्पंजावर बिस्किटाचा चुरा, आणि चुऱ्याखाली काहीतरी पिवळं. कानसेनानं तो हेडफोन दोन बोटांनी उचलला आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकला. आता सगळ्यांसाठी ठेवलेल्या टोपलीतला हेडफोन कानाला लावायचा, या कल्पनेनंच त्याला घाम फुटला. बाहेर जाऊन, जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये उभं राहून त्यानं आपल्या खिशातल्या मोबाईलवरून तातडीचा नंबर लावला. कामाच्या इतक्या वर्षांत त्यानं हे कधी केलं नव्हतं. तपासणी नेहमी आपल्या टेबलावरून, आतल्या आत.

घंटी गेली. फोन उचलला गेला. आणि पुढं काही नाही.

“हॅलो,” तो म्हणाला. काही नाही. “अहो, हॅलो?”

वहिनींच्या जागी चष्मेवाली नावानं ओळखली जाणारी एक मुलगी बसवली होती. तीही वाचा बसल्यासारखी गप्प राहिली, की काय? त्याचं डोकं तडकलं. फोन कानाला तसाच धरून तो हॉलमध्ये शिरला आणि सोफ्याला वळसा घालून कोपऱ्यापाशी आला. चष्मेवाली रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडत होती. “हॅलो, बोला, मला ऐकू येतंय! तुम्ही कुठल्या इमारतीत आहात? हॅलो!” समोरून तिचा आवाज हॉलभर येत होता. त्याच्या हातातल्या मोबाईलमधून काही येत नव्हतं.

तो तिथंच उभा राहिला. ती त्याला बघून म्हणाली, “सर, तुम्हीच आहात का? मला तुमचं सगळं ऐकू येतंय.”

तासाभरात त्याला सगळा घोटाळा उलगडला. इंटरनेटच्या दारात फायरवॉल म्हणून एक रखवालदार यंत्र बसवलेलं असतं, आत-बाहेर जाणाऱ्यावर नजर ठेवायला. टेबल कोपऱ्यात हलवताना नवी वायर त्या रखवालदाराच्या दुसऱ्या दारातून गेली होती. फोन बराच वेळ वाजला नाही, की हा रखवालदार त्याची बाहेर जाणारी वाट बंद करून टाकी. घंटी वाजे, बाहेरचा आवाज आत येई. आतला मात्र दारातच अडे. तातडीची लाईन वाजे क्वचित, म्हणून दार बहुधा बंदच. रेकॉर्डिंग होई ते दाराबाहेर, म्हणून त्यात वहिनी नाहीत. आणि कानसेनाची तपासणी? ती आतल्या आत, दारापर्यंत कधी गेलीच नव्हती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. यानं गावाला वळसाही घातला नव्हता, अंगणातच गोल फिरला होता.

पण हे कळूनही एक गोष्ट त्याला टोचत राहिली. बोर्डानं अशा मुक्या फोनला हिरवा रंग का द्यावा? बोर्डाला निदान लाज वाटायला हवी होती.

मग त्याला आठवलं.

लोक चुकून फोन लावत आणि लगेच ठेवून देत. अशा फोनांत आवाजाचा एकही तुकडा नसे. बोर्ड त्यांना शून्य देई, भिंतीवर लाल ठिपके पडत, आणि साहेबांच्या पोटात दुखे. “हे लाल काढ,” ते रोज म्हणत. एका दुपारी वैतागून कानसेनानंच बोर्डाला शिकवलं होतं, की जिथं तुकडेच आले नाहीत तिथं हरवलेही नाहीत, तेव्हा पूर्ण गुण दे. कोऱ्या पेपरात चूक कुठून सापडणार? दुसऱ्या दिवशी भिंत हिरवीगार. साहेबांनी टाळ्या वाजवल्या, लिफ्टच्या कंपनीनं उत्तम सेवेबद्दल काचेचा एक चषक दिला, तो साहेबांच्या टेबलावर होता, त्यात आता पिना ठेवत. आणि त्या दिवशी वहिनींचा एकही तुकडा दाराबाहेर आला नव्हता, म्हणून त्या फोनलाही पूर्ण गुण. म्हणजे बोर्डाचा सगळ्यात उत्तम फोन कुठला, तर ज्यात माणूस ओरडून थकला आणि कुणाला काही ऐकू आलं नाही तो. आणि ही अक्कल कुणी पाजळली? आपणच. दुसऱ्याच्या स्पंजावरच्या मळानं ओकारी येणाऱ्यानं.

त्यानं बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. बेसिन तुंबलेलं होतं. त्याच पाण्यात हात घातला, आणि हात घातलाय हे त्याच्या ध्यानातही आलं नाही.

तो साहेबांकडे गेला आणि सगळं सांगितलं. साहेब ऐकत राहिले, टोपण कानात फिरवत. मग म्हणाले, “दार लाव.”

यानं लावलं.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” साहेब म्हणाले. “आज ती माणसं येतील. वहिनी माफी मागतील, म्हातारा चहा पिऊन जाईल, करार राहील. तो रखवालदार की काय तो तू आज नीट करून टाक. बोर्डाचं सावकाश बघू.”

“पण त्यांची चूक नाहीये, साहेब.”

“मग कुणाची आहे? बोर्डाला हे कुणी शिकवलं, हे मी त्या माणसांना सांगू का? तुझं नाव सांगू?” साहेबांनी टोपण बघितलं, पेनाला लावलं. “एका घरातून एक नोकरी गेली तर घर चालतं रे. दोन गेल्या तर बघ.”

कानसेन बाहेर आला. खरं सांगायचं तर त्याला घाबरायला झालं होतं, आणि आपण घाबरलोय याचीच त्याला त्या क्षणी सगळ्यात जास्त किळस आली. पण किळस आली म्हणून माणूस शूर होत नाही. तो मूग गिळून मीटिंगच्या खोलीत जाऊन बसला.

म्हातारे बाइंडर आजोबा आले. बारीक अंगकाठी, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. बोटं डिंकानं कायमची चकचकीत झालेली. कंपनीचा एक माणूस त्यांच्याबरोबर होता, तो घड्याळ बघत होता. वहिनी घरून आल्या, समोरच्या खुर्चीवर बसल्या. कानसेनाकडे त्यांनी बघितलं नाही.

साहेबांनी गोड प्रस्तावना केली. मग म्हणाले, “आम्ही काही लपवत नाही. ऐकाच,” आणि रेकॉर्डिंग लावलं.

खोलीत म्हाताऱ्याचं रडणं भरलं. “काहीतरी बोला हो...” समोर तोच म्हातारा बसलेला, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावून. त्याचे कान हळूहळू लाल झाले. त्यानं हात टेबलाखाली घेतले. त्याला आपलंच रडणं चार परक्या माणसांदेखत ऐकावं लागत होतं, आणि आता पुढं काय येणार हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

“बंद करा ते,” वहिनी म्हणाल्या.

साहेबांनी हसून बंद केलं. “पटलं ना? आता तुम्ही आजोबांना सांगा.”

वहिनी उभ्या राहिल्या. “आजोबा, तुमच्यावर जे आलं ते फार वाईट झालं. माझ्या शत्रूवरही येऊ नये.”

“असं नाही हो वहिनी,” साहेब म्हणाले. “स्पष्ट म्हणा. मी फोन उचलला आणि गप्प बसले. माझी चूक झाली.”

“ते मी म्हणणार नाही.”

“वहिनी...”

“नाही म्हणणार.”

साहेबांनी कानसेनाकडे बघितलं. समजाव हिला, असं ते बघणं. साहेबांच्या कानाच्या कडेला निळ्या शाईचा एक ठिपका लागला होता, टोपणाचा. का कुणास ठाऊक, तो ठिपका दिसला आणि कानसेनाला वाटलं, या माणसाच्या बाजूला आपण आणखी एक क्षण बसलो तर ती शाई आपल्यालाही लागेल.

“त्या बोलत होत्या,” तो म्हणाला.

“काय?” कंपनीच्या माणसानं घड्याळावरून डोळे उचलले.

“त्या बोलत होत्या. आमच्या यंत्रानं त्यांचा आवाज दारातच अडवला. आजोबांचा आत येत होता, यांचा बाहेर जात नव्हता. आज सकाळी मी स्वतः मोबाईलवरून फोन लावून बघितलं. आणि बोर्डानं त्या फोनला पूर्ण गुण दिले, कारण आवाज आलाच नाही तर पूर्ण गुण दे, असं त्याला मी शिकवलं होतं. बोर्ड हिरवा दिसावा म्हणून. साहेबांनी सांगितलं, मी केलं. पण हात माझा.” बोलता बोलता त्याचा आवाज चढला. “गेले कित्येक दिवस आम्ही मुक्या फोनांवर टाळ्या घेतोय. घाणेरडं आहे हे. मला मळमळतंय.”

साहेब काहीतरी बोलायला गेले. कंपनीच्या माणसानं हात वर केला.

पण आजोबांचं या कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते वहिनींकडे बघत होते.

“म्हणजे तुम्ही होतात तिथं?”

“होते.”

“माझं ऐकू येत होतं?”

“सगळं.” वहिनी थांबल्या. “पण ते माझ्यापाशी आहे. मी कुणाला सांगितलेलं नाही.”

आजोबांनी टेबलाखालचे हात वर घेतले. “आणि तुम्ही काय बोलत होता?”

“नेहमीचंच. माणूस निघालाय, पोचतोच आहे. लिफ्ट खाली पडत नसते, तिला पकड असते. घाबरू नका.” वहिनींना आठवू लागलं तसा त्यांचा आवाज मऊ झाला. “आणि म्हणत होते, खाली बसा. भिंतीला पाठ लावा आणि बसून घ्या. पाय पसरा. सारखी तेच सांगत होते मी, बसा, बसा हो आजोबा.”

आजोबांनी आपल्या चकचकीत बोटांकडे बघितलं.

“मी उभाच होतो,” ते म्हणाले. “शेवटपर्यंत. मला वाटलं, बसलो तर उठता येणार नाही.”

कंपनीच्या माणसानं रेकॉर्डिंगच्या प्रती मागितल्या, बोर्डाचा सगळा हिशेब मागितला, आणि साहेबांना म्हणाला आपण वेगळं बोलू. वहिनींना उद्यापासून कामावर यायला सांगितलं, तेही त्यानंच. साहेबांनी मान डोलावली, आणि कानसेनाकडे अशा नजरेनं बघितलं, की याचं पुढं काय होणार ते सांगायला नको होतं. होऊ दे. त्याला त्या क्षणी हलकं वाटत होतं. वर्षानुवर्षं अंगाला चिकटलेलं काहीतरी निघून गेल्यासारखं.

तो धावतच जिन्यात आला. वहिनी आजोबांना लिफ्टपर्यंत सोडायला गेल्या होत्या. आजोबांनी लिफ्ट नको म्हटलं, तेव्हा त्यांचा हात धरून त्यांना जिन्यानं खाली उतरवून आल्या होत्या, आणि आता पर्स घ्यायला वर चढत होत्या. कानसेन त्यांच्या वाटेत उभा राहिला.

“वहिनी, झालं ना सगळं नीट? चला, आज मी लवकर निघतो. घरी सांगू. ती काळजीत असेल.”

वहिनी कठड्याला धरून उभ्या राहिल्या. चढून आल्यामुळे त्यांना धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत त्या थांबल्या.

“तुम्ही आज बोललात, ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “नोकरी घालवून बसाल कदाचित. ते मी विसरणार नाही.”

“तसं काही नाही हो...”

“थांबा. मला एक सांगा. मी गप्प बसले असेन, असं तुम्हाला खरंच वाटलं होतं?”

नाही म्हणणं सोपं होतं. पण नुकतंच एवढं खरं बोलून आलेल्या तोंडातून त्याला लगेच खोटं काढता येईना.

“हो,” तो म्हणाला. “वाटलं होतं.”

वहिनींनी मान हलवली.

“त्या म्हाताऱ्याचा मला राग आला नाही, भाऊजी. एकदाही नाही. त्यांना माझं ऐकूच येत नव्हतं.” त्या त्याच्या बाजूनं वर जाऊ लागल्या. “तुम्हाला येत होतं. रोज जेवताना समोर बसून मी सांगत होते.”